पन्नाशीला तीन दिवस कमी

१

मंगळवारी सकाळी नऊ वाजून बावन्न मिनिटांनी दादाराव तायडे सिंगापूरच्या बुकित पंजांगमधल्या आपल्या अकराव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पडले. त्यांच्यामागोमाग कपडे वाळत घालायचा बांबू पडला. त्यावर दोन टॉवेल आणि एका मुलीचा कॉलेजचा पांढरा शर्ट होता. बांबू सायकलस्टँडच्या छपरावर अडकला. दादाराव अडकले नाहीत.

पासपोर्टप्रमाणे त्यांचं वय चोपन्न होतं. अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ते एकविसाव्या वर्षी बहिणीकडे अमेरिकेत गेले. तिथले नागरिक झाले आणि वीस वर्षं केंद्र सरकारच्या नोकरीत, एका नौदल तळावर, फायरमन होते. ३१ डिसेंबर २०२१ रोजी निवृत्त झाले. त्यानंतर त्यांनी सरला या सिंगापूरमधल्या संशोधक बाईंशी लग्न केलं आणि त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. सरलाबाईंना पहिल्या लग्नाची मुलगी होती. जाई, वय सतरा.

वीस वर्षं शिडीवर काढलेला माणूस कपडे वाळत घालताना तोल जाऊन पडतो, हे पोलिसांना विचित्र वाटलं, पण अशक्य वाटलं नाही. मग त्यांनी ओट्यावरचा फोन उचलला. फोनला कुलूप नव्हतं. दादाराव ते कधीच लावत नसत. फायर स्टेशनमध्ये ज्याच्या हाताला येईल त्यानं फोन उचलायचा, ही सवय.

नऊ एकोणपन्नासला त्या फोनवरून घरच्या तिघांच्या गटावर मराठीत संदेश गेला होता:

‘सरला, मला माफ कर. जाईच्या फीसाठी पैसे काढले ही चूक झाली. पन्नाशीच्या वर्षात नोकरी सोडली तर फायरमनला दंड नाही, हा नियम मी वाचला होता. पण मी पन्नाशीला तीन दिवस कमी असताना, आदल्याच वर्षात सोडली. फक्त तीन दिवस. आता दहा टक्के दंड, वर व्याज, वर चौकशी. एका फीपायी सगळं गेलं. मला हे झेपणार नाही.’

सरलाबाई प्रयोगशाळेत होत्या, फोन बाहेर कपाटात होता. जाई कॉलेजमध्ये होती. तिला देवनागरी धड वाचता येत नाही. तिनं मधल्या सुट्टीत तो संदेश भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकला आणि इंग्रजीत वाचला.

तेव्हापासून ती जेवली नव्हती.

२

बुधवारी दुपारी विनीता सबनीस फाइल घेऊन फ्लॅटवर आल्या. मूळच्या पुण्याच्या, वय बावन्न. रॅफल्स प्लेसला त्यांचं तीन माणसांचं ऑफिस आहे. सिंगापूरमध्ये राहणाऱ्या अमेरिकन लोकांची कर विवरणपत्रं भरणं हा त्यांचा धंदा. दादारावांचं विवरणपत्र त्यांनीच जूनमध्ये भरलं होतं.

इन्स्पेक्टर थाम खुर्चीत बसले होते. सरलाबाई उभ्याच होत्या.

“विनीताताई, एवढंच सांगा,” त्या म्हणाल्या. “दंड किती होता?”

“शून्य.”

थाम यांनी वही उघडली. “पुन्हा सांगा, मॅडम.”

“जाईच्या कॉलेजच्या आणि पुढच्या मेडिकलच्या फीसाठी त्यांनी एक लाख ऐंशी हजार डॉलर काढले. निवृत्तीच्या बचत खात्यातून साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी पैसे काढले की करावर आणखी दहा टक्के दंड बसतो. म्हणजे अठरा हजार. पण केंद्राचे पोलीस आणि फायरमन यांना सूट आहे. त्यांची शरीरं लवकर झिजतात, म्हणून ते लवकर निवृत्त होतात. ज्या वर्षी पन्नास पूर्ण होतात त्या कॅलेंडर वर्षात किंवा त्यानंतर नोकरी सोडली की सरकारी खात्यातल्या पैशांवर दंड नाही.” विनीतांनी पासपोर्टची प्रत पुढे सरकवली. “जन्म १ जून १९७१. पन्नास पूर्ण १ जून २०२१ ला. नोकरी सोडली त्याच वर्षी ३१ डिसेंबरला. सूट मी मागितली, कारण लिहिलं, त्यांनी वाचून सही केली.”

“मग तीन दिवस कसले?”

“तेच मला कळत नाही. या फाइलमध्ये ते तीन दिवस कुठेच नाहीत.”

थाम यांनी प्रत परत सरकवली. “कुणीतरी त्यांना चुकीचं सांगितलं असेल. माणूस घाबरला. अठरा हजारांपेक्षा कमी रकमेसाठी मेलेले मी पाहिलेत.”

“सरलाताई, या गटावर ते मराठीत लिहायचे का?” विनीतांनी विचारलं.

“नाही हो. जाईला वाचता येत नाही म्हणून कायम इंग्रजीत. अगदी ‘दूध आण’सुद्धा.”

“मरताना माणूस आईच्या भाषेत लिहितो,” थाम म्हणाले.

“लिहीत असेल. पण ज्या मुलीवर ठपका ठेवायचा, तिला वाचता येणार नाही अशा भाषेत?” विनीता म्हणाल्या.

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. जाई गादीवर बसली होती, मांडीवर लॅपटॉप. कॉलेज सोडण्याचा अर्ज लिहून तयार होता.

“आंटी,” ती न उठताच, इथल्या पोरांसारखं शेवटी ‘ला’ लावत म्हणाली, “डीआर डाइड फॉर माय फी, राइट? जस्ट से, ला. एव्हरीबडी सो काइंड, आय कान्ट स्टँड इट.” सावत्र वडिलांना ती त्यांच्या फायर स्टेशनवरच्या नावानं हाक मारायची.

“तो अर्ज पाठवू नकोस,” विनीता म्हणाल्या. “शुक्रवारपर्यंत थांब.”

“व्हाय फ्रायडे?”

“शुक्रवारी इन्स्पेक्टर फाइल बंद करणार आहेत.”

जाईनं लॅपटॉप मिटला, पण बाजूला ठेवला नाही.

निघताना सरलाबाई लिफ्टपर्यंत आल्या. “शनिवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवलाय. ताई, तुम्ही मराठी छान लिहिता, पत्रिकेचा मजकूर कराल का? मला सुचत नाहीये.” मग एकदम म्हणाल्या, “त्यांना वाढदिवस आवडायचा नाही. लग्नानंतर पहिल्या एक जूनला मी केक आणला, तर हसत सुटले. म्हणाले, हा माझा नव्हे, मास्तरांचा वाढदिवस. मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाले, केक काप.”

विनीता लिफ्टमध्ये शिरल्या. दहाव्या मजल्यावर त्यांच्या मनात एक शंका आली. तळमजल्यावर पोचेपर्यंत तिचा प्रश्न झाला: तीन दिवस कुणाच्या हिशेबानं?

३

दादारावांना चुकीचं सांगू शकेल असा एक माणूस विनीतांना माहीत होता. शिरीष गोंधळेकर, गुंतवणूक सल्लागार, रॅफल्स प्लेसलाच. गुरुवारी सकाळी ते खाण्याच्या टपऱ्या असलेल्या हॉकर सेंटरमध्ये कॉफी घेऊन बसले होते.

“मी त्याला चांगलंच घाबरवलं होतं, लपवत नाही,” ते म्हणाले. “म्हटलं, सगळे पैसे सरकारी खात्यातून काढ आणि माझ्याकडच्या खासगी निवृत्ती खात्यात टाक. नाहीतर दर वेळी दहा टक्के जातील. तुझी साडेएकोणसाठ कुठे झालीत?”

“खासगी खात्यात टाकले असते तरच त्यांची सूट गेली असती, शिरीष.”

“कसली सूट?”

“फायरमनची.”

शिरीष यांनी कप खाली ठेवला. “अशी सूट असते?”

“तुम्ही अमेरिकन लोकांना सल्ला देता ना?”

“अहो, माझ्याकडे सगळे आयटीवाले. फायरमन हा पहिलाच.” मग म्हणाले, “म्हणून हसला होता का तो? म्हणाला, शिरीषभाऊ, तुमच्याकडे पैसे दिले तर आगीत उडी मारल्यासारखं होईल, आणि मला त्याचा पगार आता मिळत नाही.”

“हे कधीचं?”

“मार्चमधलं. नंतर तो विषयच नाही. गेल्या शनिवारी आला होता ते वेगळ्या कामाला. एक साक्षीची सही हवी होती.”

“कशावर?”

“त्या सरकारी खात्याच्या वारसाच्या अर्जावर. वारस बदलत होता. जुना कोण ते अर्जावर नव्हतं. नवीन नाव त्या मुलीचं. जाई.” शिरीष यांनी आवाज खाली आणला. “त्यात अजून सहा लाख डॉलर आहेत, मॅडम. साक्षीदार दोन लागतात, ज्यांना पैसे मिळणार नाहीत असे. मी म्हटलं, माझ्या ऑफिसातला दुसरा माणूस बोलावतो. तर म्हणाला, नको. दुसरी सही घरच्या माणसाची घेतो. त्याच्यापासून लपवून करणं बरं दिसत नाही.”

विनीतांनी तिथूनच सरलाबाईंना फोन केला. असा अर्ज घरात सापडला नव्हता. सरलाबाईंनी त्याबद्दल ऐकलंही नव्हतं.

आणि सिंगापूरमध्ये दादारावांचं घरचं म्हणावं असं आणखी एकच माणूस होतं.

४

उज्ज्वल तायडे सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाला, हौगांगला राहतो. दादारावांचा धाकटा भाऊ, वय एकेचाळीस, सॉफ्टवेअर इंजिनिअर. दोघांत बारा वर्षांचं अंतर. दादाराव अमेरिकेला गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याचं इंजिनिअरिंग, त्याचं लग्न, सिंगापूरला येण्याचं पहिलं तिकीट, सगळं दादारावांनी केलं. घटस्फोटाचा वकीलही त्यांनीच लावला.

बाजाराशेजारच्या कॉफीशॉपमध्ये तो विनीतांना भेटला. डोळे सुजलेले होते, दाढी वाढलेली. विनीतांनी फक्त कागद आणि पेन काढलं.

“पत्रिकेसाठी माहिती हवीय. सरलाताई म्हणाल्या, दीराला विचारा.”

“वहिनींना काय माहीत असणार त्याच्याबद्दल? तीन वर्षांचं लग्न.” त्यानं नाक पुसलं. “लिहा. आईचं नाव कौतिकाबाई. वडील गंगाराम. दादा म्हणजे आमच्या वस्तीतला परदेशी गेलेला पहिला माणूस.”

“त्या मेसेजबद्दल कळल्यावर तुम्हाला काय वाटलं?”

“वाईट वाटलं, मॅडम. पण दादा असाच होता, हिशेबाला कच्चा. दुसऱ्याच्या पोरीसाठी एवढे पैसे कुणी काढतं का? मी असतो तर आधी नियम बघितला असता. पण मला कोण विचारतो?”

“गेल्या आठवड्यात भेट झाली होती?”

“नाही. फोनवर बोललो. मंगळवारी मी घरूनच काम करत होतो, इथंच. पोलिसांना सांगितलंय.”

“त्यांनी तुमची कुठल्या अर्जावर सही मागितली होती?”

“कसला अर्ज?” उत्तर पटकन आलं.

विनीतांनी मान हलवली आणि कागदाकडे बघितलं. “बरं. जन्मतारीख सांगा.”

“तीन जानेवारी. एकोणीसशे बहात्तर.”

विनीतांचं पेन कागदावर होतं. त्यांनी ते हलू दिलं नाही.

“नक्की?”

“नक्की म्हणजे? आई दर वर्षी सांगायची. पुढं कळलं की तो सावित्रीबाईंचाही दिवस, मग तर काय! दर तीन जानेवारीला घरात खीर असायची. दादा अमेरिकेत, आणि खीर मी खायचो.” तो हसला, आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले.

“आणि तुमचा जन्म?”

“माझा दवाखान्यातला. पक्का दाखला आहे. वीस ऑगस्ट चौऱ्याऐंशी.”

विनीतांनी तारीख लिहून घेतली. मग तिच्यापुढे सही करायला सांगितलं. पत्रिकेत चूक नको, म्हणाल्या. त्यानं आनंदानं केली.

५

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता फ्लॅटमध्ये चार माणसं होती. थाम, सरलाबाई, विनीता आणि पत्रिका बघायला म्हणून बोलावलेला उज्ज्वल. जाईला कॉलेजमध्ये पाठवलं होतं. कॉलेज सुटलं की ती घरीच येणार होती.

टेबलावर पत्रिकेचे दोन नमुने होते. मजकूर एकच. एकावर जन्म १ जून १९७१, दुसऱ्यावर ३ जानेवारी १९७२.

“यातला बरोबर कोणता?” विनीतांनी विचारलं.

“हा,” उज्ज्वलनं दुसऱ्यावर बोट ठेवलं. “एक जून कुठून आला?”

“पासपोर्टवरून. पेन्शनच्या कागदांवरून. वीस वर्षांच्या सगळ्या सरकारी नोंदींवरून.”

“शक्यच नाही.”

“माझ्याकडे त्या पिढीचे जे मराठी लोक येतात, त्यांच्यातले कितीतरी एक जूनचे असतात. एवढी बाळं एकाच दिवशी कशी जन्मली, हे मी सुरुवातीला एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं होतं. ते म्हणाले, बाळं नव्हे, विद्यार्थी. जूनमध्ये शाळा उघडायची. आई पोराला घेऊन जायची. तारीख तिला सांगता यायची नाही किंवा सांगितलेली कुणी ऐकायचं नाही. मास्तर एक जून लिहायचे आणि पोर सहा वर्षांचं करून टाकायचे. तुमच्या दादाला मास्तरांनी सात महिने मोठा केला. तुमच्या वेळी दवाखाना होता. तुम्हाला मास्तरांची गरज पडली नाही.”



“आता तो मेसेज. लिहिणाऱ्याला फायरमनचा नियम माहीत आहे. पन्नाशीचं कॅलेंडर वर्ष, सगळं बरोबर. नियम इंटरनेटवर कुणालाही मिळतो. शिरीष गोंधळेकरांना तेवढाही माहीत नव्हता. दादारावांना त्यांनी बहकवलं असतं, तर मेसेजमध्ये साडेएकोणसाठला कित्येक वर्षं कमी पडली असती. इथं तीन दिवस कमी पडलेत. एकतीस डिसेंबर अधिक तीन, म्हणजे तीन जानेवारी. दादाराव पन्नास वर्षांचे तीन जानेवारीला झाले असं मानणाऱ्या माणसानंच हे लिहिलंय.”

“दादालाही माहीत होतं की ते!” उज्ज्वल म्हणाला. “त्याचाच तर खरा वाढदिवस. त्यानंच लिहिलं असेल!”

“त्यांना दोन्ही तारखा माहीत होत्या. म्हणूनच ते असं लिहिणार नाहीत. वीस वर्षं नोकरी आणि पन्नास वर्षं वय पुरं झाल्याशिवाय त्यांना पेन्शन सुरूच झाली नसती. दर महिन्याला पेन्शन येत होती, म्हणजे सरकारच्या लेखी ते पन्नास ओलांडूनच निवृत्त झाले होते. एक जूनवर त्यांनी निवृत्ती घेतली, एक जूनवर सूट घेतली, त्याखाली सही केली. तीन जानेवारी खरी आणि एकटी तीच, असं समजणारा माणूस या शहरात एकच आहे.”

थाम यांनी एक कागद उलटा केला. “तुमच्या प्रवासाच्या कार्डाची नोंद काल आली. मंगळवारी सकाळी नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी तुम्ही फजार स्टेशनवर उतरलात. तिथून हा ब्लॉक सहा मिनिटांवर आहे. लिफ्टच्या कॅमेऱ्यात तुम्ही नाही. अकरा मजले चढलात?”

 मग उज्ज्वल सरलाबाईंकडे वळला. त्याचा आवाज अगदी नेहमीचा होता.

“वहिनी, वीस वर्षं वारस म्हणून माझं नाव होतं त्या खात्यावर. त्यानंच सांगितलं होतं मला, मी कॉलेजात असताना. मी त्या भरवशावर कर्जं काढली. आणि सोमवारी फोन करून म्हणतो, उज्ज्वल, ये, एक सही कर. माझं नाव खोडायच्या कागदावर साक्षीदार मीच! वर म्हणतो, तुझ्यापासून लपवायचं नव्हतं रे. मी आलो तेव्हा तुमच्या पोरीचा शर्ट वाळत घालत होता. माझ्याकडे पाठ करून विचारलं, चहा घेशील ना?”

सरलाबाईंनी खुर्चीची पाठ धरली. “मेसेज आधीच लिहून आणला होतास.”

“हो.”

“जाईचं नाव कशाला घातलंस त्यात? ते कशाला, उज्ज्वल?”

“कुणाचं तरी घालायलाच लागलं असतं,” तो म्हणाला. मग विनीतांकडे बघून, जरा चिडून, “एक जून. मला कुणी सांगितलंच नाही.”

भावाबद्दल तो एवढंच म्हणाला. थाम त्याला घेऊन गेले.

६

जाई एक वाजता आली. कॉलेजच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली होती, हे तिनंच सांगितलं. सरलाबाईंनी तिला जवळ बसवलं आणि विनीतांनी सगळं सांगितलं, मास्तर कसे तारीख लिहायचे इथपासून. मेसेज दादारावांचा नाही. दंड कधी नव्हताच. फीसाठी काढलेले पैसे त्यांनी नीट समजून, हसत काढले होते.

“ते स्वतःहून गेले नाहीत, जाई,” विनीता म्हणाल्या. “तुझ्या फीचा याच्याशी काही संबंध नाही.”

जाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलू लागले. सरलाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. काही वेळानं त्या उठून आत गेल्या आणि वरणभाताची ताटली घेऊन आल्या. जाईनं ती मांडीवर घेतली. चौथ्या दिवशी पहिला घास खाल्ला. मग दुसरा. विनीतांनी पर्स उचलली.

“आंटी, वेट.” जाईनं नाक पुसलं. ती विचार करत होती, आणि तिची बुद्धी तल्लख होती; दादाराव म्हणायचे, पोरगी डॉक्टर होणारच. “उज्ज्वल अंकल... त्याला काय पाहिजे होतं? व्हाय डू इट?”

“पैसे,” सरलाबाई घाईनं म्हणाल्या. “पैसे हवे होते त्याला. जेव तू.”

“बट व्हाय नाऊ? डीआर ऑलवेज गिव्ह हिम मनी, राइट? समथिंग मस्ट हॅव चेंज्ड.”

सरलाबाईंनी तिचा चमचा उचलून पुन्हा तिच्या हातात दिला.

“देअर वॉज अ फॉर्म,” जाई हळूच म्हणाली. “सॅटर्डेला डीआर फॉर्म भरत होता. आय आस्क्ड हिम व्हॉट. ही सेड, सरप्राइज.” तिनं मान वर केली. “आंटी, त्या फॉर्मवर कुणाचं नाव होतं?”

सरलाबाई मुलीच्या डोक्यावरून विनीतांकडे बघत होत्या. मान अगदी थोडी, डावीकडून उजवीकडे, हलत होती. सांगू नका.

विनीतांनी तीस वर्षांत कुठल्याही कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. शिवाय खटला उभा राहणार होता, शिरीष साक्ष देणार होते, वर्तमानपत्रात छापून येणार होतं. हे सगळं त्यांनी मोजून पाहिलं. त्यांचा निर्णय एवढ्यानंच झाला, असं त्यांनी पुढे थाम यांना सांगितलं.

“तुझं,” त्या म्हणाल्या.

जाईनं चमचा ताटलीत ठेवला, आवाज होऊ न देता. ताटली आईच्या हातात परत दिली.

“ओके,” ती म्हणाली. “सो स्टिल मी, ला.”